‘हॅव’ची पाच वाक्यं

खाली गजकवाल्याची कुटाई चालते,
लाकडी मोगऱ्या, तीळ, ताणलेला गूळ,
धप्प. धप्प.
वर माझा वर्ग: पत्र्याचं कपाट, सहा खुर्च्या
आणि एक फळा, ज्याला दौलतगंजातली
सगळी थंडी येऊन चिकटते.
डिसेंबर ते फेब्रुवारी मी क्रियापदं शिकवते
ती दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत.

सत्तावीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होते.
‘यू हॅव थ्री मिनिट्स’
हे मी इतक्या लोकांच्या कानात घातलंय,
की त्यात कोणाकडे नक्की काय असतं
असा प्रश्नच पडला नाही.
पडला तो हेमलता इंगळेमुळे.

हेमलता खेळाडू मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करते.
बोटांना मेथीचा वास, वहीलाही.
मुली कुठल्या कुठल्या, केरळच्या, इंफाळच्या,
हिंदी त्यांना अर्धीमुर्धी, हिची मराठी तर शून्य.
म्हणून संध्याकाळची कणीक मळण्याआधी
ही तासभर येते,
पुढच्या खुर्चीत बसते, चप्पल दाराबाहेर काढून.

मी म्हटलं, हॅव म्हणजे असणे.
‘असणे म्हणजे परवा इज सांगितलंत.’
धप्प.
मी फळ्यावर लिहिलं:
माझ्याकडे सायकल आहे. आय हॅव अ सायकल.
माझ्याजवळ दहा रुपये आहेत. आय हॅव टेन रुपीज.
मला भाऊ आहे. आय हॅव अ ब्रदर.
मला सर्दी आहे. आय हॅव अ कोल्ड.
ती बघत राहिली.
‘म्हणजे भाऊ, सर्दी, सायकल, सगळं एकाच पिशवीत?’
हो.
‘आणि पिशवी मीच धरायची? आधी मी, मग बाकीचं?’
हो.
‘आपल्यात बरं असतं, बाई.
वस्तू असते तिथे असते,
आपण नुसते तिच्या आसपास.’

माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात याला उत्तर नव्हतं.
म्हटलं, पाच वाक्यं लिहून आण.
ही, शी, इट आलं की हॅज. विसरू नकोस.

चार दिवस फिरकली नाही.
पाचव्या दिवशी आली, डोळे जागरणाने तांबारलेले,
पदराला व्हिक्सचा वास.
वही माझ्यापुढे सरकवली.

एक. आय हॅव वन बिग तवा.
तव्याला इंग्रजी शब्द सुचवावा का?
नको. तवा तवाच राहू दे.
दोन. होस्टेल हॅव नो गॅस ऑन संडे.
हॅज केलं. शेजारी छोटं प्रश्नचिन्हही,
गॅससाठी.
तीन. आय हॅव फोर्टी गर्ल्स.
‘चाळीस ताटं म्हणायचंय का तुला?’
‘नाही. मुलीच.’
बरं. चूक दाखवायला जागा नव्हती.
चार. लिंथोई हॅव फीवर.
हॅज.
पाच. लिंथोई हॅव मी.

पेन टेकलं आणि तिथेच राहिलं,
कागदावर लाल ठिपका मोठा होत गेला.
सांगणार होते, असं कोणी म्हणत नाही गं,
माणूस काय कोणाच्या पिशवीत असतो?
मग मनातल्या मनात मराठी करून पाहिलं.
लिंथोईला ताप आहे.
लिंथोईला मी आहे.

खालची कुटाई कधी थांबली कळलं नाही.
टेम्पोवाला बाडा, बाडा ओरडत गेला.
मी हॅव खोडलं, हॅज लिहिलं,
बाकीच्या वाक्याला हात लावला नाही.

‘पुढच्या तासाला भूतकाळ घेऊ,’ मी म्हटलं, ‘हॅड.’
ती वही पिशवीत घालत उठली,
कणीक राहिली होती.
‘थांबा दोन दिवस,’ म्हणाली,
‘आधी तिचा ताप तेवढा हॅड होऊ दे.’